हाड धरणारा पृष्ठभाग: दातांच्या आणि सांध्यांच्या इम्प्लांटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. धातुशास्त्र शिकले, आणि टायटॅनियमच्या पृष्ठभागावर काय काय करता येतं यावर बरीच वर्षं काम करते आहे. कुणाच्या घरी दात बसवायचा असतो, कुणाच्या आजीचा खुबा बदलायचा असतो, कुणी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असतं. सगळ्यांकडून येणारे प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उपचाराचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. धातू आणि हाड यांच्या मधल्या फटीत काय घडतं, तेवढं मी सांगते.

१. इम्प्लांट हाडात "बसतो" म्हणजे नक्की काय होतं? गोंद वगैरे लावतात का?

दाताच्या इम्प्लांटला गोंद लावत नाहीत. जबड्याच्या हाडात मापाचं भोक पाडून टायटॅनियमचा स्क्रू आवळून बसवतात, पुढचं काम हाड करतं. टायटॅनियम हवेत आलं की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडची साय धरते, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची. शरीराची गाठ पडते ती या सायीशी, खालच्या धातूशी नाही. स्क्रू आत जाताच रक्ताने माखतो. काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं त्या सायीवर बसतात, मागोमाग प्लेटलेट्स येतात, मग फायब्रिनची, म्हणजे गुठळी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची, जाळी विणली जाते. त्या जाळीवरून हाड घडवणाऱ्या पेशी पुढे सरकतात आणि आधी घाईघाईचं, विस्कळीत हाड घालतात. नंतरच्या महिन्यांत ते मोडून तिथे थरांचं, पक्कं हाड तयार होतं.

याचं महत्त्व ध्यानात आलं स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या. १९५२ मध्ये लुंड इथे ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपला आणि कुपी काही निघेना. हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो गृहस्थ चाळीस वर्षांनी वारला तेव्हाही ते जागेवर होते. या जोडणीला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात.

२. टायटॅनियमला हाड आपोआप धरतं, तर पृष्ठभागावर वेगळं काही करायचं कशाला?

वेळ वाचवण्यासाठी, आणि जिथे हाड मऊ आहे तिथे यश वाढवण्यासाठी. ब्रोनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कातलेले, तसे गुळगुळीतच होते. ते टिकले, पण खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्यांच्यावर भार देता येत नसे. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड स्पंजासारखं असतं, तिथे अपयशही जास्त येई.

गुळगुळीत धातूची अडचण अशी की रक्ताची गुठळी घट्ट होताना आकसते आणि पृष्ठभागापासून सुटते. मग पेशींची वाटच तुटते. हाड भोकाच्या भिंतीकडून हळूहळू वाढत येतं. पृष्ठभाग बारीक खडबडीत असला तर फायब्रिनचे धागे त्यात अडकून राहतात, आणि हाड थेट इम्प्लांटवरच घातलं जायला लागतं. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून घेतात ती दाणा घसरू नये म्हणून. इथे घसरू द्यायचं नसतं ते रक्ताच्या गुठळीला.

३. खडबडीत म्हणजे किती? बोटाला लागतो का?

बोटाला फार तर मॅट वाटेल. पृष्ठभागाच्या चढउतारांची सरासरी काढतात, ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतात. लेथवर कातलेला स्क्रू अर्धा ते एक मायक्रॉनच्या घरात असतो. आजचे बहुतेक दंत-इम्प्लांट एक ते दोन मायक्रॉनच्या पट्ट्यात येतात आणि हाडाची पकड या पट्ट्यात सगळ्यात चांगली मिळते, असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. त्याहून जास्त खरबरीत केलं तर पकड त्या प्रमाणात वाढत नाही, जंतूंची सोय मात्र वाढते (प्रश्न १० पाहा). १९७०-८० च्या दशकांत टायटॅनियमचा वितळलेला फवारा मारून फार खरबरीत इम्प्लांट केले जात. दातांच्या क्षेत्रातून ते मागे पडले.

४. एसएलए, आरबीएम, ॲनोडाइज्ड... कॅटलॉगमधली ही नावं समजावून सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश सांगते.

एसएलए म्हणजे आधी जाड वाळूचा मारा, मग ॲसिड. वाळू म्हणजे ॲल्युमिनाचे पाव ते अर्धा मिलिमीटरचे कण. ते जोरात आदळले की धातूवर दहा-वीस मायक्रॉनचे खळगे पडतात. मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात इम्प्लांट बुडवतात. ॲसिड त्या खळग्यांच्या आत आणखी बारीक, एक-दोन मायक्रॉनच्या खाचा कोरतं आणि रुतून बसलेले बरेचसे कणही सोडवतं. मोठा खळगा आणि त्याच्या पोटात लहान खाच अशी दुपदरी रचना तयार होते. मोठ्यात हाडाची यांत्रिक पकड बसते, लहानात गुठळी आणि पेशी.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनिएल बुझर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडात सहा तऱ्हेचे पृष्ठभाग तपासले. चकचकीत पॉलिश केलेल्या इम्प्लांटच्या २० ते २५ टक्के पृष्ठभागाला हाड टेकलेलं दिसलं, वाळू-ॲसिडवाल्याच्या ५० ते ६० टक्के. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा पृष्ठभाग बाजारात आला आणि चांगल्या हाडात थांबण्याची मुदत तीन महिन्यांवरून सहा ते आठ आठवड्यांवर आली. बाकी बऱ्याच कंपन्या आज याच पद्धतीचं आपापलं रूप विकतात.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शंभर टक्के कुठेच नाही. हाड इम्प्लांटला सगळीकडून चिकटत नाही, मध्ये मज्जेच्या जागा राहतात, आणि तरी तो पक्का असतो.

आरबीएममध्ये ॲल्युमिनाऐवजी कॅल्शियम फॉस्फेटचे कण मारतात. मागे राहिलेले कण ॲसिडात किंवा शरीरात विरघळतात, त्यामुळे परकं काही उरत नाही. ॲनोडाइज्ड म्हणजे इम्प्लांट विजेच्या धन टोकाला जोडून द्रावणात ठेवतात. काही नॅनोमीटरची साय काही मायक्रॉनपर्यंत जाड होते आणि तिच्यावर ज्वालामुखीच्या तोंडांसारखी बारीक भोकं उमटतात.

यातला सर्वांत चांगला कोणता? नीट केलेल्या या तिघांमध्ये रुग्णाला जाणवेल असा फरक माझ्या मते फारसा नाही. नीट केलेला आणि कसाबसा केलेला यांत मात्र मोठा फरक असतो (प्रश्न ११).

५. आमच्या डॉक्टरांनी पाण्यात बुडवलेला, जरा महाग इम्प्लांट सुचवला. पाण्याने काय होतं?

ताजं कोरलेलं टायटॅनियम पाण्याला ओढून घेतं. थेंब ठेवला की पसरतो. पण हवेतले कार्बनी अंश त्यावर सतत बसत राहतात, आणि काही आठवड्यांत तोच पृष्ठभाग तेल लागल्यासारखा वागतो. थेंब गोल होऊन उभा राहतो. रक्तही मग खाचांत नीट शिरत नाही. म्हणून ॲसिडातून काढल्यावर नायट्रोजनच्या वातावरणात धुऊन तो थेट मिठाच्या द्रावणात बंद करतात, हवा लागूच देत नाहीत. असा पृष्ठभाग २००५ च्या सुमारास आला आणि योग्य रुग्णांत मुदत तीन-चार आठवड्यांवर आणता येते असं दिसलं. बसवण्याआधी अतिनील प्रकाश किंवा प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) देऊन तोच ताजेपणा परत आणायची यंत्रंही आहेत.

फायदा खरा आहे, पण तो सुरुवातीच्या आठवड्यांचा. काही महिन्यांनी दोन्हींतलं अंतर पुष्कळ कमी होतं. हाड भक्कम असेल आणि थांबायची तयारी असेल, तर साध्या एसएलएवर समाधान मानायला हरकत नाही. हाड मऊ असेल किंवा लवकर भार द्यायचा असेल, तर जास्तीच्या पैशांना अर्थ आहे.

६. हाडाचंच खनिज धातूवर लावलं तर हाड पटकन धरणार नाही का?

धरतं. हायड्रॉक्सीॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेट आपल्या हाडातल्या खनिजाचं जवळचं नातलग. प्लाझ्माच्या प्रखर ज्योतीतून त्याची पूड धातूवर फवारतात, साधारण ५० ते २०० मायक्रॉनचा थर बसतो. वर सांगितलेल्या डुकरांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त हाड याच थराला टेकलं होतं, ६० ते ७० टक्के. मात्र तो थर झिजत असल्याच्या खुणाही तिथेच दिसल्या.

दातांत हा थर १९८०-९० च्या दशकांत गाजला आणि मागे पडला. थर धातूपासून सुटणं, विरघळणं, हिरडीकडून जंतू आत शिरणं अशा तक्रारी आल्या. खुब्यात मात्र तो टिकला. लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइटचा लेप असलेला खुब्याचा दांडा बसवायला सुरुवात केली. फ्रान्समधल्या सर्जनांच्या गटाचा कोराय नावाचा दांडा १९८६ चा, तोही जगभर वापरला जातो आहे. एकच थर, दोन ठिकाणी दोन निकाल. कारण खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात बंद असतो. दाताचा इम्प्लांट हिरडी भेदून तोंडाच्या जंतूंत डोकं काढून उभा असतो.

७. खुब्याच्या वाटीला बाहेरून खडे लावल्यासारखं दिसतं. ते काय असतं?

तो सच्छिद्र थर. दाताच्या इम्प्लांटवर हाड चिकटतं, इथे ते भोकांतून आत वाढतं. धातूचे बारीक मणी किंवा तारांची जाळी भट्टीत तापवून कवचावर जोडतात. भोकं साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची हवीत. फार लहान असतील तर रक्तवाहिनी आत जात नाही, आणि रक्ताशिवाय हाड नाही.

अलीकडे टँटलम या धातूचा फेस वापरतात. त्यात ७५ ते ८० टक्के पोकळीच असते आणि दिसायला तो हाडाच्या आतल्या जाळीसारखा दिसतो. टायटॅनियमची पूड किरणांनी थरावर थर वितळवून छापलेल्या वाट्याही आता आहेत. त्यात लेप वेगळा लावलेलाच नसतो, म्हणून तो सुटायचं भय नाही. ज्यांचा खुबा दुसऱ्यांदा बदलायचा आहे आणि हाड बरंच गेलं आहे, त्यांच्यासाठी हे खरंच मोठं काम झालं आहे.

८. आईचा गुडघा सिमेंटने बसवला. मग या सगळ्याचा तिला उपयोग नाही का?

तिच्या बाबतीत हाड इम्प्लांटला धरत नाही, सिमेंट धरतं. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक. ते चिकटवत नाही. हाडाच्या भोकांत शिरून घट्ट होतं आणि पाचरीसारखं अडकतं. गुडघ्याच्या बहुसंख्य बदल्या आजही सिमेंटनेच होतात, आणि त्यांचे निकाल उत्तम आहेत. वय जास्त आणि हाड ठिसूळ असेल तर ऑपरेशन झाल्याबरोबर मिळणारी सिमेंटची पकड हीच मोठी गोष्ट. "बिनसिमेंटचा म्हणजे भारी" असं समजून मन खट्टू करून घेऊ नका.

९. पृष्ठभाग एवढा चांगला, तर दुसऱ्या दिवसापासून चावायला काय हरकत आहे?

हरकत हालचालीची आहे, आणि या पानावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उत्तर हेच. भार आल्यावर इम्प्लांट आणि हाड यांच्यात ४०-५० मायक्रॉनपर्यंत हालचाल झाली तर हाड सहन करतं. दीडशे मायक्रॉनच्या पुढे गेली, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा पडदा तयार होतो. म्हणजे केसाच्या दुप्पट जाडीइतकी हालचाल, आणि जगातला सर्वोत्तम पृष्ठभाग वाया.

बसवल्या दिवशी जी पकड असते ती आवळल्याची, यांत्रिक. भोवतीचं दुखावलेलं हाड शरीर आधी काढून टाकतं, नवीन नंतर घालतं. त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या आसपास एकूण पकड कमी होते. नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस शेंगदाणे फोडायला लागतो. चांगला पृष्ठभाग ही घसरण उथळ करतो, पुसून टाकत नाही.

काही डॉक्टर कंपनांवरून पकड मोजतात. आकडा १ ते १०० मध्ये येतो. ७० च्या पुढे असेल तर सहसा निश्चिंत असतात. त्याच दिवशी दात बसवतात तेही अशी पकड मिळाली तरच. खुब्याच्या बाबतीत वॉकर किती दिवस हे सर्जननी सांगितलं असेल ते पाळा.

१०. खडबडीत पृष्ठभागावर जंतूही चांगले बसत असतील ना?

हो. इम्प्लांट हाडात असेपर्यंत बिघडत नाही. हिरडी खाली गेली, हाड झिजलं आणि खडबडीत भाग तोंडात उघडा पडला, की तो ब्रशने साफ होत नाही आणि इम्प्लांटभोवतीची सूज वाढत जाते. म्हणून हिरडीतून वर येणारा जोड मुद्दाम गुळगुळीत ठेवतात. त्यालाही मर्यादा आहे: ०.२ मायक्रॉनपेक्षा जास्त गुळगुळीत केल्याने जंतू आणखी कमी होत नाहीत. हिरड्यांच्या आजारानेच दात गेले असतील, तर दर सहा महिन्यांची तपासणी चुकवू नका.

हाडांच्या कर्करोगात बसवतात त्या मोठ्या कृत्रिम हाडांवर जंतू रोखायला चांदीचा लेप देतात. जपानमध्ये आयोडीनचाही वापर झाला आहे. मात्र हाडाने धरायचा भाग सहसा चांदीपासून मोकळा ठेवतात.

११. इम्प्लांट पाकिटातून काढताना खाली पडला तर निर्जंतुक करून वापरता येतो का?

नाही. जंतू मारणं आणि पृष्ठभाग स्वच्छ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, जंतू मरतील. बोटाचं तेल, धूळ, मेलेल्या जंतूंचे अंश तिथेच राहतील. प्रथिनं आणि पेशी यांना ते सगळं "दिसतं".

हे किती महाग पडू शकतं ते २००० च्या डिसेंबरमध्ये दिसलं. सुल्झर ऑर्थोपेडिक्स या कंपनीने अमेरिकेत खुब्याच्या सच्छिद्र वाट्या परत मागवल्या. कारखान्यातल्या यंत्राच्या वंगण तेलाचा अंश त्यांच्यावर राहून गेला होता, आणि हाड त्यांना धरेना. हजारो रुग्णांना पुन्हा ऑपरेशनला सामोरं जावं लागलं. आम्ही पृष्ठभागाचं काम करणारे लोक या घटनेचा धडा कधी विसरू शकत नाही: खाचा कितीही सुंदर कोरा, शेवटची धुलाई चुकली तर सगळं गेलं.

१२. मधुमेह आहे, आणि वडील मिश्री लावतात. चांगला पृष्ठभाग घेतला तर चालेल का?

मधुमेह ताब्यात असेल तर बहुतेकदा चालतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट) दाखवून डॉक्टरांशी बोला. तंबाखूचं मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, आणि प्रश्न १ मधली सगळी साखळी रक्तापासून सुरू होते. मिश्री, गुटखा, विडी, तिघांतही तंबाखूच. मिश्री तर रोज थेट हिरडीवर घासली जाते. कोणताही लेप याची भरपाई करत नाही. ऑपरेशनआधी काही आठवडे सोडा, नंतर पुन्हा धरू नका.

हाडांच्या ठिसूळपणाची किंवा कर्करोगाची औषधं चालू असतील, विशेषतः शिरेतून, तर दंतवैद्याला आधी सांगा. त्यांपैकी काहींमुळे जबड्याचं हाड भरून येत नाही.

१३. फ्रॅक्चरची टायटॅनियमची प्लेट काढताना फार त्रास झाला. ती का निघेना?

कारण ती हाडाला धरली. इथे उलटा प्रश्न आहे: जे पुढे काढायचं आहे त्याला हाड चिकटायला नको. म्हणून काढायच्या प्लेटा आणि स्क्रू गुळगुळीत ठेवण्याकडे कल असतो. लहान मुलांत हाड झपाट्याने प्लेटवर चढतं. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकंच प्लेटच्या आट्यांत जाम होतं, तो त्रास वेगळा. त्यात हाडाचा दोष नाही. याच्या उलट, पायाबाहेरून लावतात त्या फ्रेमच्या खिळ्यांना कधी मुद्दाम हायड्रॉक्सीॲपेटाइट लावतात, कारण ते सैल झाले की पू होतो.

१४. गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीतपेक्षा सरस ठरला असं कधी झालंय का?

झालं आहे, सिमेंटच्या खुब्यात. इंग्लंडच्या एक्सेटरमध्ये रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये आरशासारखा चकचकीत, निमुळता दांडा आणला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तो मॅट करण्यात आला. पकड वाढेल असंच कुणालाही वाटलं असतं. निकाल बिघडले. मॅट दांडा सिमेंटमध्ये सूक्ष्म हलत होता आणि कानशीसारखा सिमेंट घासत होता. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये किंचित खाली उतरतो आणि पाचरीसारखा अधिक घट्ट होतो. १९८६ मध्ये पॉलिश परत आलं. समोर हाड आहे की सिमेंट, हे पाहिल्याशिवाय पृष्ठभाग ठरवता येत नाही.

१५. बिलासोबत काय मागून घ्यावं?

इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असतो. तो केस पेपरवर चिकटवतात. एक तुमच्या फाइलमध्येही हवा, फोनमध्ये त्याचा फोटोही. २०१० मध्ये एएसआर नावाचा खुबा जगभरातून परत मागवला गेला. तिथला दोष धातूवर धातू घासण्याचा होता, पृष्ठभागाच्या पकडीचा नाही. पण भारतातल्या अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही, आणि ती गोष्ट मनाला लागून राहते.

१६. इम्प्लांट धरलाच नाही, हलतो आहे. तोच काढून, साफ करून पुन्हा बसवता येईल का?

नाही. भोवती तंतूंचा पडदा एकदा झाला की तो आपणहून हाडात बदलत नाही, आणि निघालेल्या इम्प्लांटच्या खाचांत प्रथिनं आणि जंतू इतके रुतलेले असतात की मूळ पृष्ठभाग परत मिळत नाही. दाताचा इम्प्लांट काढून, जागा खरवडून, सहसा काही महिने भरू देतात आणि नवा बसवतात. बहुतेकदा तो धरतो. आधी कारण शोधून घ्या: भोक पाडताना हाड तापलं का (४७ अंश सेल्सिअस एक मिनिट एवढ्यानेही हाड दुखावतं), भार लवकर आला का, तंबाखू चालू होती का. पक्का बसलेला पण भोवती सूज आलेला इम्प्लांट ही वेगळी स्थिती. तो वाचवायचा प्रयत्न होऊ शकतो. दुसऱ्या दवाखान्यात जाणार असाल तर जुन्या इम्प्लांटचा स्टिकर बरोबर न्या, कारण तो सोडवायची अवजारं कंपनीप्रमाणे बदलतात.